रिता माठ

गुरुवार, संध्याकाळ

सईचा ताप उतरला, आणि आज दिवसभर परत चढला नाही. मऊभात संपवून पोरीने वर लोणचं मागितलं. सुटले मी.

टायफॉइड म्हटल्यावर माझा सगळा राग पाणीपुरीवाल्यावर, आणि तिला चिंचोटीच्या धबधब्यावर नेणाऱ्या तिच्या बाबावर. डॉक्टरांनी विचारलं, पाणी उकळता का? मी तोऱ्यात सांगितलं, रोज, खळखळून. उकळतेच की. पण माठ? माठाचं कुणाच्या डोक्यात येणार?

काल रजा होती म्हणून दिसलं. माठातलं उकळलेलं पाणी संपलं होतं. सासूबाईंनी टँकरच्या पाण्याची कळशी उचलली आणि सरळ माठात ओतली. मी ओरडलेच. त्या शांतपणे म्हणाल्या, "दिवेलागनीला पान्याचा माठ रिता ठेवू नये." म्हणजे रोज हेच चाललं होतं. गावी घरची विहीर होती, तिथे चाललं असेल. इथे मनवेलपाड्यात टँकर कुठून भरून येतो, देव जाणे.

भांडणारच होते. पण सईकडे बघताना त्यांचा चेहरा इतका पडला की जमलं नाही. एवढंच म्हटलं, माठ भरा, पण उकळलेल्या पाण्याने.

आज ऑफिसातून आले तर देवापुढे अंधार. माठ घासून पालथा घातलेला. सासूबाई गॅसपाशी उभ्या, टोपातल्या पाण्याकडे बघत.

"आई, दिवा राहिला का?"

"पानी उकळू दे. रित्या माठावर दिवा कसा लावू?"