तीस दिवसांचं सॉफ्टवेअर

माय, तू मला विसरलीच असशील. जिवंत होतीस तेव्हाही मला हाक मारायला आधी तिन्ही बहिणींची नावं घ्यायचीस, चौथ्या खेपेला माझ्यापर्यंत पोहोचायचीस. मी तुझी ती चौथी. अक्षर मला अजून येत नाही, म्हणून मी सांगते आणि मोठ्या मुलाची मुलगी लिहिते. मी 'मले' म्हटलं की ही 'मला' लिहिते, कॉलेजात गेल्याचा गुण.

माझ्या धाकट्या लेकीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आठवते? मांडवात तू पदर सारखा करत शूटिंगवाल्यावर ओरडतेस, "मले काऊन काढून राह्यला रे, नवरीले काढ ना." तुझा हलता-बोलता तुकडा जगात तेवढाच. कारंज्याच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा ही नात म्हणाली, आपण त्याची सीडी करू. हात बसला की लोकांच्या लग्नांच्याही करीन. दिवाळीच्या सुट्टीत तिनं दोन सॉफ्टवेअर आणली. एकात नुसते शब्दच शब्द, साधं, पण कायमचं फुकट. दुसऱ्यात गुलाब, फुलपाखरं, बदामाची चौकट, पण तीस दिवसांपुरतं. ती म्हणाली, "आजी, शिकणाऱ्यानं साधंच घ्यावं." मी म्हटलं, "तुह्या पणजीले शब्दात नको कोंडू, फुलात बसव." जिला वाचता येत नाही ती चित्र बघूनच निवडणार.

महिनाभर आम्ही दोघी तुला बदामात बसवत होतो. रोज ती केलेलं काम त्यातच ठेवून उठायची. ठेवलं म्हणजे झालं, असं मला वाटायचं. तिलाही तसंच वाटलं, सीडीवर उतरवायचं राहून गेलं. एकतिसाव्या दिवशी त्यानं कसला तरी नंबर मागितला. तो आमच्याकडे कुठला? त्या साध्या, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ते काम उघडेना. तू आत, आम्ही बाहेर. पडद्यावर नुसती इंग्रजी पाटी. "जाऊ दे आजी," ती म्हणते, "कॅसेट दे, पहिल्यापासून करू."

कॅसेट कुठून देऊ? तू कॉम्प्युटरात गेलीस, आता त्या डबीचं काय काम, म्हणून आठ दिवस आधीच मी तिची काळी फीत ओढून काढली आणि ज्वारीच्या वावरात या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत बांधली. वाऱ्यावर चमकते, फरफरते, पाखरं बसत नाहीत. नात वावराकडे कधी फिरकत नाही. मी तिला म्हटलं, "तूच ओट्यावर उघडी टाकली होती. उंदरानं कुरतडली, फेकली मी." ती रडली नाही. पण त्यानंतर तिनं कुणाच्या लग्नाचं काम घेतलं नाही. कुणी विचारलं तर म्हणते, माझ्या हातून वस्तू सांभाळली जात नाही. मी ते ऐकते आणि भाकरी थापत राहते. चार वर्षं झाली. तोंडानं सांगायची हिंमत नाही. लिहून ठेवावं तर लिहायला घरात हात एकच, तिचा.

हे सांगितलं आणि पेन थांबला. ही उठली, माठातलं पाणी प्यायली, परत येऊन बसली. माझ्याकडे बघत नाही. "पुढं सांग, आजी." पुढं काही नाही, माय. हे पत्र कुठं टाकायचं तेही आम्हाला ठाऊक नाही. तरी तिकडून काही पाठवता आलं तर पातोडीचा रस्सा पाठवजो, तिखट बेतानं. हिच्यापुरताच पाठव. माझ्या हातचं आज ती जेवेलसं वाटत नाही.