टक्कल पडलेला जंतू

३ फेब्रुवारी
कडं उमटलं नाही! सलग तिसऱ्यांदा. काचेच्या बशीत पू करणारे जंतू पसरायचे, मधोमध आमचा मातीतला जंतू ठेवायचा. तो औषध सोडतो, भोवतालचे मरतात, स्वच्छ गोल कडं दिसतं. वर्षभर दिसत होतं. आज पूवाले त्याला खेटून वाढलेत — सख्खे शेजारी!
प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या, "पंधरवड्यात कडं दिसलं नाही तर काम बंद." मग तंत्रज्ञ मामांकडे वळल्या. "जंतूंची पेरणी तुमच्याच हातची ना?"
मामा "हो" म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

४ फेब्रुवारी
पेरणी माझ्या हातची आहे. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. सहा महिन्यांपूर्वी मामांचा उजवा हात थरथरू लागला. तारेच्या कडीने जुन्या बशीतला एक ठिपका उचलायचा, नव्या बशीवर रेघा ओढायच्या — जमेना. "तू ओढ रे. सही मी करतो. वर्षभराने निवृत्त होतोय, ताठ मानेने जाऊ दे."
मी बशा धुणारा. शाळा आठवीत सुटली. मला कडीला हात लावायची परवानगी नाही.

५ फेब्रुवारी
डबा तसाच परत आणला.

७ फेब्रुवारी
बाईंनी पहिल्या बशीचा फोटो आजच्या बशीशेजारी धरला. फोटोतले ठिपके राखाडी, सुरकुतलेले, खडूची भुकटी लागल्यासारखे. आजचे गुळगुळीत, चकचकीत. "टक्कल पडलंय याला," बाई म्हणाल्या. "पीठ धरत नाही, तो औषधही करत नाही. मातीचा वाससुद्धा गेला. पिठूळ ठिपके गेले कुठे?"
कुठे गेले ते मला माहीत आहे. सुरुवातीला बशीत दोन्ही असायचे. मी दर वेळी गुळगुळीत उचलला! पिठूळ मला बुरशी लागल्यासारखे वाटायचे. जुनी बशी लगेच वाफेत घालून, घासून लख्ख. वास गेला तेव्हा तर बरं वाटलं होतं. एवढा नीटनेटका मी!

८ फेब्रुवारी
मामांना सांगितलं. ते हसले. "चूक तुझी, सही माझी. अर्धी अर्धी." मग हळूच, "बोललास तर माझा हात उघडा पडेल. गप्प राहा."

११ फेब्रुवारी
मामांकडे लेखी खुलासा मागितलाय — निष्काळजीपणाचा! "बावीस वर्षांत एक बशी नासली नाही माझ्या हातून," असं पुटपुटत होते. कागद घेतल्याची सही करताना डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं होतं.
बोललो तर हात उघडा पडतो. नाही बोललो तर निष्काळजी ठरून जातात.

१३ फेब्रुवारी
बाईंना सगळं सांगणारं पत्र लिहिलं. चार वेळा. एकही खाडाखोड नाही.

१४ फेब्रुवारी
बाईंनी पत्र वाचलं. मामा दारात उभे, मान खाली.
"मला शंका होतीच," बाई म्हणाल्या. "इतक्या सरळ रेघा मामांनी जन्मात ओढल्या नाहीत. तेव्हाच विचारायला हवं होतं मी." पत्राची घडी घातली. "मूळ माती संपली. शीतपेटीत गेल्या महिन्यात राखून ठेवलेल्या साठ बशा आहेत. एखादा पिठूळ राहिला असेल तर शोधा. अठरा तारखेपर्यंत सापडला तर तुझं पत्र, मामांचा खुलासा, दोन्ही कागद माझ्या खणात. नाही तर दोन्ही वर पाठवावे लागतील."

१६ फेब्रुवारी
एकतीस बशा झाल्या. भिंगाने ठिपका न् ठिपका बघतो. सगळे चकचकीत! मामा माझ्यानंतर प्रत्येक बशीला नाक लावतात. नियमात बसत नाही. म्हटलं तर म्हणाले, "नियमात आपण दोघं कधी बसलो?"

१७ फेब्रुवारी
पंचावन्न. काही नाही. मामांचा खुलासा कोराच आहे.

१८ फेब्रुवारी
एकोणसाठावी बशी मी भिंगाखालून काढली, बाद केली. मामांनी ती परत ओढली, झाकण किलकिलं केलं. हात थरथरत होता, नाक नाही. "अगदी कडेला बघ," म्हणाले. "माती आहे."