पास केलेला पडदा

४ फेब्रुवारी
नाही म्हणजे नाही! डाव्या डोळ्याच्या बुबुळावरचा पांढरा पडलेला पडदा काढून मेलेल्या माणसाचा बसवणार — ठीक. पण सदुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याचा? मी स्वतः चौसष्टचा! नेत्रपेढीचा कागद हिनं वाचून दाखवला, उजवा डोळा आधीच गेलेला, मला अक्षरं म्हणजे नुसत्या मुंग्या; ही वहीसुद्धा अंदाजानं लिहितो. बत्तीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होतो. केसाएवढी चीर दिसली की बाटली बाद. इथे तर माझाच डोळा! हिला म्हटलं, डॉक्टरीणबाईंना कळव — माल परत.
"बरं," म्हणाली.

५ फेब्रुवारी
दुसरा कागद. चोपन्न वर्षं. पेशी भरपूर. पण माणूस रागीट होता का, रडका होता का, काही लिहिलेलंच नाही! बाद.
"अहो, डोळा निवडताय की जावई?"

६ फेब्रुवारी
एकतीस वर्षं! पेशी भरपूर, ओरखडा नाही. पास!! ताणून धरलं म्हणून मिळाला. नाहीतर गळ्यात मारला असता कुठलाही.

७ फेब्रुवारी
बसवला.

२० मार्च
घड्याळाचा सेकंदकाटा दिसला! हिच्या गालावरचा तीळसुद्धा. शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं — एकतीसचा आहे, तरुण माल. ही तोंडाला पदर लावून आत गेली. जळते बहुतेक.

११ मे
डोळा लाल. उजेड टोचतो. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, शरीर कधीकधी परका पडदा झिडकारतं. लाल झाला तर त्याच दिवशी या. पण मी स्वतः पास केलेला माल! साबण गेला असेल.

१३ मे
सगळीकडे धुकं. काळा चष्मा लावून जेवलो.
"घरात कसलं ऊन?"
"फॅशन," म्हटलं.

१४ मे
ओळी एकमेकींवर चढतायत. भीती वाटते. हिला कुठल्या तोंडानं सांगू? बत्तीस वर्षांत माझी एक बाटली परत आली नव्हती.

१५ मे
हे मी लिहितेय, त्यांची बायको. सकाळी दारावर आपटले, तसंच ओढत दवाखान्यात नेलं. झिडकारायला लागलंय म्हणाल्या डॉक्टरीणबाई. तासातासाला थेंब घालायचे. वाचेल की नाही ते आठवड्यात कळेल. कधीपासून लाल आहे विचारलं, तर हे म्हणतात, आजच! खरी तारीख हवी म्हणून वही उघडली. सगळं वाचलं.

मग माझंही लिहून टाकते. फेब्रुवारीत तिन्ही दिवस मी एकच कागद वाचला. फक्त वय कमी करत गेले. डॉक्टरीणबाईंना पहिल्याच दिवशी होकार दिला होता. पडदा सदुसष्टचाच आहे. खरी तारीख कळवताना डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं, वयामुळे झालं का हो हे? म्हणाल्या, वयामुळे नाही. पण चार दिवस उगाच घालवलेत.

बरे झाले की पहिलं हेच पान वाचतील आणि घर डोक्यावर घेतील. घेऊ देत. वाचता येऊ दे फक्त.