कळलं नाही तर थांब

४ फेब्रुवारी
फोन लेकीचा आणि पळापळ माझी! गुडघे माझे दुखतात, फोन करणाऱ्या तिच्या मंडळवाल्यांचे नव्हे. सकाळपासून हात धुऊन मागे लागलेत. लेक खुर्चीत बसून बघते. मेंदूत गुठळी झाली तेव्हापासून शब्द अडकतात. डॉक्टर म्हणाले, बुद्धी शाबूत आहे. मोठा शोध लावला! ते तिचे डोळे बघून मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

५ फेब्रुवारी
चष्मेवाला स्वतःच आला. लेकीच्या हाताखाली शिकलेला, आता यंत्राला, म्हणजे संगणकाला, हुकूम द्यायला तिने रचलेल्या भाषेचं मंडळ चालवतो. "आजी, बाईंच्या भाषेतून 'उडी' काढायची म्हणतोय." म्हटलं, कसली उडी? तर यंत्र हुकूम ओळीने वाचतं. उडी म्हणजे मधलं सगळं सोडून भलतीकडे जा. त्याने मागाहून गुंता होतो, सोडवणाऱ्याचा जीव जातो. पण बाईंनी घातलेला पहिला हुकूम तो — त्यांनी 'हो' म्हटल्याशिवाय हात कोण लावणार?

लेकीने हात वर केला, तोंड उघडलं. शब्द यायच्या आत नात म्हणाली, "आई नाहीच म्हणणार! पोटच्या पोरासारखा हुकूम आहे तिचा." लेकीने पेला आपटला. "बघा, रागावली," मी म्हटलं. चष्मेवाला 'नाही' घेऊन खाली मान घालून गेला.

६ फेब्रुवारी
झोप नाही म्हणून जुनं आठवलं. ही कामाला लागली तेव्हा यंत्र खोलीएवढं. साहेबाने पहिल्या दिवशी विचारलं, "टायपिंगला आलात का?" यंत्राला तेव्हा नुसते आकडे कळायचे. हिचा हट्ट — साध्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. हुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून जायचे. एकदा ते खोकं जिन्यात सांडलं, सगळा क्रम गेला. रडली नाही. पायरीवर बसून एकेक कार्ड लावलं.

मी म्हणायचे, "घरात दोन शब्द धड बोलत नाहीस, आणि लोखंडाला बोलायला शिकवतेस!" पुढे बँका, दवाखाने, रेल्वे — सगळे तिच्याच भाषेत यंत्राला कामं सांगायला लागले. पेपरात छापलेल्या फोटोत पुढे साहेब. ही कडेला, अर्धी कापलेली.

७ फेब्रुवारी
पाणी मागायला फार वेळ लावते, म्हणून मीच पेला तोंडाशी धरला. तोंड फिरवलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही!

९ फेब्रुवारी
नातही आईच्याच धंद्यातली. विचारलं, तुझ्या आईने जगावेगळं केलं तरी काय गं?
"आजी, दुसरीकडे यंत्राला नीट कळलं नाही तरी ते अंदाजाने पुढे रेटायचं. आईच्या भाषेत ते थांबतं, कुठे अडलं ते सांगतं. आईचा नियमच — कळलं नाही तर थांब, आगाऊपणा करू नको."
बोलली आणि आईच्या खुर्चीकडे बघत राहिली. इतके दिवस आम्ही दोघी काय करत होतो? तिने 'प' म्हणायचा अवकाश की पाणी हजर! पंखा लावायचा असेल, पडदा ओढायचा असेल — विचारलं कुणी?

१० फेब्रुवारी
आज समोर बसले. म्हटलं, "उडीचं काय करायचं ते तू सांग." आणि ओठ मिटले. मी! जिने नवऱ्यालासुद्धा कधी वाक्य पुरं करू दिलं नाही! चहावर साय धरली. नात दाराशी नखं खात उभी. शब्द काही आला नाही. पण पेलाही आपटला नाही. उद्या परत बसेन, मला कुठे कचेरी गाठायचीय?

११ फेब्रुवारी
आला! "काढा." मग दम घेऊन, एकेक शब्द ओढत — "कधीच... काढायला... हवी होती."
आणि आम्ही तिच्या नावाने 'नाही' कळवून मोकळ्या!
चष्मेवाल्याला निरोप गेलाय, संध्याकाळी फोन कर. फोन तिच्या मांडीवर ठेवलाय. वाजला की तिनेच बोलायचं. लागेल तेवढा वेळ लागू दे, पलीकडच्याने थांबायचं. मधे कुणी तोंड घातलं तर गाठ माझ्याशी — आणि मीच घातलं तर नातीने माझ्या तोंडावर हात ठेवायचा.