व्हिनेगर घातलं की ढवळायचं नाही

४ एप्रिल

आजच्या कोंबडीचा खरा खर्च: कोंबडी अडीचशे पेसो. बुडाला करपलेलं पातेलं – ते सासूबाईंचं, निलाच्या आईचं, त्याची किंमत कोण करणार. डाव्या हाताला तीन फोड. आणि चौतीस वर्षं बाजारात मारलेली फुशारकी – 'सांतो चुलीपुढे उभा राहत नाही' – तीही गेली.

पण निलाने खाल्लं! केमो सुरू झाल्यापासून पेजेवर होती बिचारी. आज ताटलीभर भात आणि कोंबडीचे तीन तुकडे. वर म्हणाली, "अननस गोड निघाला हं." निघणारच! दाएतच्या बाजारात नुसती टिचकी मारून अननस गोड की आंबट ते सांगणारा माझ्यासारखा दुसरा नाही. डोक्यावर टोपल्या वाहून कमावलेले कान आहेत हे. डॉक्टरांच्या बाटल्यांना जमलं नाही ते माझ्या अननसाने केलं. उद्या बाजारात सगळ्यांना सांगणार.

५ एप्रिल

सांगितलं. सगळ्यांना.

९ एप्रिल

लसूण, मिरे, तमालपत्र, सोया सॉस, व्हिनेगर – एवढ्यावर कोंबडीचा आदोबो कोणीही करतं. आमच्याकडे शेवटी अननस पडतो, मग रस्सा चकाकतो. पण पहिल्यापासून हात शिवशिवतो माझा. पलीकडच्या खोलीतून, पलंगावरून हाक –

"ढवळलंस ना?"

"नाही गं."

"डाव आपटल्याचा आवाज आला! व्हिनेगर घातलं की उकळी येईपर्यंत ढवळायचं नाही, किती वेळा सांगू? कच्चं राहतं. तुझ्यासारखं."

मला वाटायचं कान फक्त मलाच आहेत. हिला भिंतीपलीकडून आच कळते. "आता चुरचुरायला लागलंय – घाल अननस!"

१७ एप्रिल

मारिविक नागा शहरातून रजा काढून आली. लेक आली म्हणून दोन कोंबड्या.

निलाची एक नवी खोड. आधी आम्हा दोघांना वाढायला लावते आणि आमच्या तोंडाकडे बघत बसते. मी म्हटलं, "इतकं काय बघतेस? चौतीस वर्षांत पोट भरलं नाही?"

"गप गीळ."

मग स्वतः एक घास घेते, आणि निकाल! आज म्हणाली, "आंबट आहे. अननस घाईने तोडलेला." खरंच होतं. माझे पहिल्याच घासाला दात आंबले होते. टिचकी चुकली – हे बाजारात सांगणार नाही.

२ मे

खाल्लेलं सगळं उलटून पडलं. तोंड पुसलं आणि म्हणाली, "उद्या परत कर."

"रोज तेच?"

"तुला येईपर्यंत."

"मला आलंय की!"



११ मे

डॉक्टर म्हणाले, आता केमो थांबवू या. घरी घेऊन जा, आवडेल ते खायला घाला.

घरी आल्यावर निला म्हणाली, "पातेलं चढव." चढवलं. डोळे वाहत होते. मारिविकने विचारलं, "काय झालं, पपा?" या रश्शात कांदा पडत नाही. नाहीतर त्याच्यावर ढकललं असतं.

२६ मे

आज ढवळलं नाही. एकदाही नाही. पलीकडून हाक आली नाही म्हणून घाबरून आत धावलो. जागी होती.

"काय झालं? ओरडली नाहीस?"

"आज काही चुकलं नाही ना."

चार शितं खाल्ली. पण चाटून खाल्ली!

३ जून

सकाळी साडेसहाला निला गेली. कोंबडी आदल्या दिवशीच आणून ठेवली होती.

११ जून

नववा दिवस. प्रार्थनेला साठेक माणसं. आठ कोंबड्या, सगळ्या मीच केल्या, कोणाला डाव लावू दिला नाही. पहिली ताटली निलाच्या फोटोपुढे, अननस जास्त घालून.

लोक म्हणाले, "अगदी निलाच्या हातची चव!" मी म्हटलं, "तिला माझ्या हातची आवडायची. शेवटपर्यंत मागून मागून खाल्ली." किती जणांना सांगितलं, मोजलं नाही. निलाला घरी येऊन सुई द्यायची ती नर्स, ओफेलिया – तिलाही सांगितलं. ती ताटलीकडे बघत राहिली. म्हणाली, "फार छान झालंय, काका." आणि न जेवताच उठली.

१२ जून

मारिविकने आवराआवरीत दवाखान्याची फाईल काढली. एक कागद माझ्यापुढे ठेवून परसात निघून गेली. ओफेलियाचं अक्षर. ९ फेब्रुवारी: 'तोंडाची चव पूर्ण गेली. गोड, आंबट, खारट काहीच कळत नाही. नवऱ्याला सांगू नका म्हणते.'

पहिली कोंबडी मी केली ४ एप्रिलला.