बोर्डिंगचा उजवा कोपरा

कसबा बावडा,
९ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. भाऊसो काकांना,
दीप्तीचा मनापासून जय भीम.

जन्मभर दगड घडवताना टाकीच्या आवाजानं तुमचे कान गेले, फोनवर ऐकू येत नाही, म्हणून आपली ही पत्रंच बरी. सोबत फोटो पाठवलाय. कोल्हापुरातल्या मुलींच्या जुन्या बोर्डिंगला शंभर वर्षं होतायत. प्रदर्शनात हा सगळ्यात मोठा लावणार आहेत. माझा पहिलाच, म्हणून जरा फुशारकी.

एवढी उंच दगडी इमारत काढायची म्हणजे डोक्याला ताप. खालून कॅमेरा वर केला की भिंती आत झुकतात, इमारत मागं पडतेय असं वाटतं. मग घरी कॉम्प्युटरवर दोन्ही कोपरे ओढून सरळ केले. डावा बराच ओढावा लागला, उजवा थोडाच. आता कशी ताठ उभी आहे बघा. दगडाला दगड काय बसवलाय काका, मी तासभर नुसती बघत राहिले.

शालनकाकूला जय भीम. लोभ आहेच, वाढला तरी चालेल.

तुमची,
दीप्ती


पन्हाळा,
१४ फेब्रुवारी

चि. दीप्तीस,
काकाचा जय भीम आणि आशीर्वाद.

इमारत झकास आलीय पोरी. तुझं डोळं चांगलं हाईत. पण एक सांगतो, राग मानू नकोस. उजव्या कोपऱ्याजवळ वरच्या सज्ज्यातनं बादलीची दोरी लोंबतीय, ती बघ. तिचं खालचं टोक कोपऱ्याकडं गेलंय. वारं म्हणावं तर शेजारची धुणी गप हाईत. भरल्या बादलीची दोरी तिरकी ऱ्हात न्हाय. म्हणजे दोरी सरळच हाय, तू सरळ केलास तो कोपराच बाहेर झुकलाय.

तो कोपरा माझ्या हातचा हाय. अठ्ठ्याऐंशी साली ढासळलेला, मी चोवीस वर्षांचा, एकट्यानं बांधला. भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारं लांब दगड घालायचं असत्यात, ते मी निम्मंच घातलं. घाई होती, अंगात मस्तीबी होती. सदतीस वर्षं कुणाला बोललो न्हाय.

त्या खोलीत पोरी अभ्यासाला बसत्यात. शालनला आत्ताच तुला फोन करायला लावतो. खोली रिकामी करा, एवढंच ती सांगंल. का, ते तिलाबी म्हाईत न्हाय, म्हणून हे पत्र. भिंतीला ओळंब्याची वजनदार दोरी सोडून बघा आणि खरं काय ते कळीव.

जीव लागून राहिलाय.
तुझा काका,
भाऊसो


कसबा बावडा,
२० फेब्रुवारी

ती. स्व. काकांना,
दीप्तीचा जय भीम.

काकूचा फोन आला तशी मी बोर्डिंगवर गेले. रेक्टर संयोगिता मॅडम कुरकुरल्या, पण खोली रिकामी केली. तुमचं पत्र आल्यावर इंजिनिअरला ओळंबा सोडायला लावला. भिंत चार बोटं बाहेर आहे. मुली सुखरूप आहेत, कोपरा उतरवून पुन्हा बांधणार आहेत.

तुमचा राग आला, खोटं कशाला बोलू. म्हणून दोन दिवस उत्तर लिहायला घेतलं नाही. पण हातातल्या फोटोवरून तुम्ही जे ओळखलंत, ते मला तिथं तासभर उभी राहून दिसलं नाही. गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं? तुमच्याइतका पक्का माणूस मी बघितला नाही.

तो फोटो मी मागं घेतला. समोरच्या गच्चीवरून, कॅमेरा अजिबात वर न करता, नवा काढलाय. कोपरा आहे तसा दिसतो. फोटोखाली काय लिहायचं, असं प्रदर्शनवाले विचारतायत. बांधणाऱ्याचं नाव कागदोपत्री कुठं नाही, आणि मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

तब्येत जपा, आणि आम्हाला धरून ठेवा.
दीप्ती


पन्हाळा,
२५ फेब्रुवारी

चि. दीप्तीस,
काकाचा आशीर्वाद.

पोरी सुखरूप हाईत हे वाचलं आणि उंबऱ्यावरच बसलो. रडलो की. शालनला सगळं सांगितलं. संध्याकाळी तिनं माझी पिशवी भरून ठेवली.

रविवारच्या एसटीनं येतोय. आता हात कापत्यात, दगड उचलणार न्हाय. पण लांब दगड कुठं घालायचं, ते नव्या गवंड्यांस्नी उभा राहून दाखवीन.

फोटो मोठाच लाव, कोपरा कापू नकोस. आणि खाली ठळक लिही: उजवा कोपरा, सन १९८८, गवंडी भाऊसो आकाराम शिंगे, पन्हाळा.

तुझाच,
काका