टाच टेकवून माप

४ फेब्रुवारी

प्लास्टर निघालं. आत घोटा नवा बसवलेला, वरचं कातडं जुनंच. टाके बरे घातलेत डॉक्टरने. मी असते तर आणखी बारीक घातले असते.

व्यायामवाल्या बाईंनी घोट्याला बिजागरीची पट्टी लावली. एक टोक नडगीकडे, एक पावलाकडे. म्हणाल्या, आजी, पाऊल वर ओढा. ओढलं. पट्टी हलेना. मी म्हटलं, ओढतेच आहे बाई, तुमची पट्टीच गंजली असेल. त्या हसल्या नाहीत. सांधा आत्ता मोकळा झाला तर झाला, नाहीतर असाच आखडून बसेल, मग शिवणाचं पायमशीन विसरा, म्हणाल्या.

विसरा म्हणे! मुलगाही तेच धरून बसलाय — मोटर बसवून देतो. बाहीच्या वळणावर कुठे दमानं घ्यायचं, ते मोटरला काय कळतंय?

घरी रोज तळव्याला टॉवेल अडकवून पाऊल ओढायचं. आणि एक दिवसाआड भिंतीशी माप. टाच जमिनीला टेकलेली, गुडघा वाकवून भिंतीला लावायचा, मग अंगठा भिंतीपासून किती लांब ते टेपने बघायचं. जितका लांब तितका सांधा मोकळा. मोजायचं काम सूनबाईकडे.

६ फेब्रुवारी

टॉवेल ओढला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आत काहीतरी कुरकुरलं — निखळलं तर? टॉवेल टाकून दिला. सून दाराबाहेरून विचारत होती, मी धरू का. म्हटलं, माझं मी बघते, तू तुझं बघ.

७ फेब्रुवारी

नाही केला.

८ फेब्रुवारी

दार लावून टॉवेल मांडीवर घेऊन बसले. बाहेर येऊन सांगितलं, झाला व्यायाम.

शेजारीण दाढ काढताना रडली, तर मी तिला वर्षभर चिडवलं. आता कुठल्या तोंडाने सांगू की मला भीती वाटते?

९ फेब्रुवारी

भिंतीचं माप. सून माझाच शिवणाचा टेप घेऊन खाली बसली, पाऊल सरळ लावून दिलं. पाऊल अजून अर्धं बधिर आहे, परक्याचं वाटतं. गुडघा पुढे जाईना. गाउन पायघोळ. टाच हळूच उचलली. टेकला गुडघा! सून टेप वाचून म्हणाली, बरं आहे आई. एवढंच.

गिऱ्हाइकं माप देताना पोट आत ओढून घेतात. जन्मभर सुनावत आले त्यांना — मला फसवाल बाई, कपड्याला कसं फसवाल?

१३ फेब्रुवारी

आजही उचलली. जरा जास्तच. माप वाढलं!

१८ फेब्रुवारी

व्यायामवाल्या बाईंकडे गेलो. घरचं माप वाढलेलं, त्यांची पट्टी मात्र जिथल्या तिथे. त्यांनी मान वळवून सुनेकडे बघितलं.

"घरी कोण मोजतं?"

"मी."

"टाच बघता का? की कामावर जायच्या घाईत उरकता?"

मला वाटलं, आता ही माझं नाव घेणार. मी असते तर घेतलं असतं.

"घाई होते," सून म्हणाली. "माझंच चुकलं."

चारचौघांत. पलीकडच्या खाटेवरचा मोडक्या खांद्याचा माणूससुद्धा वळून बघायला लागला. माझ्या जिभेला सगळं घर टरकून असतं. मी आपली पायाच्या नखांकडे बघत बसले.

१९ फेब्रुवारी

मुलाला कळलं. जेवताना तिला म्हणाला, आईची एक टाच धरायला होत नाही तुला? मग म्हणाला, तूर्तास नोकरी सोड.

चष्म्याच्या दुकानात आहे ती. काचा घासून फ्रेममध्ये बसवते. मालकाने नुकतीच दुकान उघडायची किल्ली तिच्या हाती दिली. किल्ली मिळाली त्या दिवशी पोरगी घरभर गुणगुणत होती. मी विचारलं होतं, किल्ली मिळाली की तिजोरी?

ती म्हणाली, सोमवारी सांगते मालकांना. आणि मला आमटी वाढली. मी गिळली.

२० फेब्रुवारी

सांगायला म्हणून मुलाच्या खोलीत गेले. तो म्हणाला, काय गं आई? म्हटलं, भाजी आळणी होती आज. आणि परत आले.

थू माझ्यावर.

२२ फेब्रुवारी

उद्या सोमवार. सकाळी ती दुकानाची किल्ली पुसून रुमालात बांधत होती. परत द्यायला.

मुलाला हाक मारली. भिंतीशी उभी राहिले, गाउन नडगीपर्यंत वर धरला. मुलासमोर! त्याला म्हटलं, बघ. टाच उचलली — गुडघा भिंतीला. टाच टेकवली — गुडघा अधांतरी. म्हटलं, टॉवेल मी ओढतच नाही. घाबरते. हिचा काही दोष नाही. किल्ली ठेव गं तुझ्याकडे.

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. लहानपणी खोटं बोलला की मी त्याच्याकडे असंच बघायची.

सुनेने रुमालाची गाठ सोडली. तिला नवल कसं वाटलं नाही, कळेना.

२५ फेब्रुवारी

आता टॉवेल ती ओढते, मी ओरडते. दार उघडं ठेवून.

कामावर जायच्या आधी माप घेतलं, टाच घट्ट टेकवून. जेमतेम एक बोट. टेप गुंडाळून तिने माझ्या टाचेखालचं काहीतरी ओढलं, ते निघेना. वाकून बघितलं, तर माझ्याच चिंध्यांच्या पिशवीतली अस्तराची पट्टी.

"प्रत्येक मापाला ठेवत होते, आई," ती म्हणाली. "दर वेळी सुळकन निघून यायची. आज पहिल्यांदा अडकली."